दुसऱ्या चोरीनंतर गटाला काय सांगावे?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही पलूस तालुक्यातले आहात, एका क्रिप्टो प्रकल्पाचा टेलिग्रामवरचा मराठी गट तीन वर्षे विनामोबदला सांभाळता, आणि त्या गटातल्या सहाशेच्या आसपास माणसांपैकी बरीचशी तुमच्या ओळखीने, तुमच्या शब्दावर आलेली आहेत. या प्रकल्पातून चौदा महिन्यांत दोनदा पैसे चोरीला गेले. पहिल्या वेळी कॉन्ट्रॅक्टमधल्या, म्हणजे पैसे आपोआप हलवणाऱ्या कोडमधल्या, एका चुकीतून गेले आणि प्रकल्पाने ते स्वतःच्या निधीतून भरून दिले. दुसऱ्या वेळी व्यवस्थापकांच्या किल्ल्याच, म्हणजे व्यवहारांवर सही करण्याचे गुप्त संकेतच, चोरल्या गेल्या, आणि आता भरपाई म्हणून नवे टोकन, म्हणजे प्रकल्पाचे स्वतःचे डिजिटल नाणे, देण्याचा प्रस्ताव मतदानाला ठेवला आहे. मुख्य गटात प्रश्न विचारणाऱ्यांना काढून टाकले जात आहे आणि तुम्हालाही ‘वातावरण सकारात्मक ठेवा’ असा निरोप आला आहे. अशा वेळी लोकांचा विश्वास परत कसा मिळवावा, असे तुम्ही विचारले आहे.

मला वाटते, तुमचा खरा प्रश्न थोडा वेगळा आहे. प्रकल्पावरचा विश्वास परत आणणे तुमच्या हातात नाही, कारण त्या किल्ल्या तुमच्याकडे कधीच नव्हत्या. तुमच्या हातात आहे ती तुमची स्वतःची पत, आणि गेली तीन वर्षे ती तुम्ही नकळत या प्रकल्पाला उसनी देत आला आहात. ती पुढेही उसनी द्यायची का आणि द्यायची तर कशाच्या आधारावर, हे तुम्हाला ठरवायचे आहे.

माझ्याविषयी थोडे सांगते, म्हणजे माझ्या मताला किती वजन द्यायचे ते तुम्हाला ठरवता येईल. मी सांगलीत विश्रामबागेत राहते. आधी सहकारी पतसंस्थांच्या संगणक प्रणाली तपासण्याचे काम करत असे; गेली सात वर्षे ब्लॉकचेनवरची, म्हणजे क्रिप्टो व्यवहारांच्या सर्वांना दिसणाऱ्या सामायिक वहीवरची, कॉन्ट्रॅक्ट तपासते, आणि चोरी झाल्यावर नेमके काय घडले ते शोधून लिहून देण्याचेही काम करते. तुमच्या प्रकल्पाचा कोड मी पाहिलेला नाही, त्यामुळे तो बुडेल की तगेल हे मी सांगणार नाही. ते चोरीची रक्कम एकूण ठेवींच्या किती टक्के होती, प्रकल्पाकडे स्वतःचा निधी किती उरला आहे, आणि किल्ल्या बाहेरच्याने पळवल्या की आतल्याने दिल्या, या तीन गोष्टींवर बरेचसे अवलंबून आहे.

आमचे घराणे मूळचे विट्याकडचे, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्या गलाईवाल्यांचे. माझे काका कोइमतूरला सराफांच्या गल्लीत सोने-चांदी गाळण्याचे दुकान चालवत असत. पूर्वी त्यांची भट्टी मागच्या खोलीत होती. गिऱ्हाईक जुने दागिने पुढे द्यायचे, काका ते आत नेऊन गाळायचे आणि लगड बाहेर आणून द्यायचे. एका वर्षी कामावरच्या मुलाने मुशीत चिकटलेले सोने थोडे थोडे करून लंपास केल्याचे उघड झाले. काकांनी त्याच संध्याकाळी ज्या तिघांचा माल त्या आठवड्यात गाळला होता त्यांना बोलावून घेतले, किती गेले असावे ते वहीतून वजने काढून दाखवले आणि तेवढे सोने भरून दिले. पण मला त्यापेक्षा पुढची गोष्ट अधिक लक्षात राहिली आहे. महिन्याभरात त्यांनी भट्टी मागच्या खोलीतून दुकानाच्या पुढच्या भागात आणली, शेजारी गिऱ्हाइकासाठी एक स्टूल ठेवले, आणि तेव्हापासून आधीचे वजन, मुशीत टाकणखार घालणे, ओतणे, नंतरचे वजन आणि घट हे सारे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत होऊ लागले. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे ते कुणाला म्हणाल्याचे मला आठवत नाही.

चोरी झालेल्या कोणत्याही प्रकल्पाकडे मी याच दृष्टीने पाहते. पैसे भरून देणे आवश्यक आहे, पण त्याने झालेल्या नुकसानीचा हिशेब फक्त मिटतो. पुढच्या वेळी गिऱ्हाइकाला कमी गोष्टी डोळे मिटून मानाव्या लागतील अशी मांडणी बदलली आहे का, थोडक्यात भट्टी पुढे आणली आहे का, हे मी शोधते.

आता दुसऱ्या चोरीविषयी. दोन चोऱ्या झाल्या म्हणून प्रकल्प आपोआप बाद होत नाही. दोन्हींचे मूळ एकच आहे का, हे पाहावे लागते. रोनिन या ब्रिजचे, म्हणजे एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणाऱ्या पुलाचे, उदाहरण इथे उपयोगी आहे. मार्च २०२२ मध्ये त्यातून १,७३,६०० इथर (इथरियम या ब्लॉकचेनचे नाणे) आणि अडीच कोटी डॉलरहून अधिक स्थिरनाणी (डॉलरशी भाव बांधलेली नाणी) गेली. एखादा व्यवहार मंजूर व्हायला नऊपैकी पाच मान्यता लागत असत, आणि त्यांतल्या चार एकाच कंपनीच्या ताब्यात होत्या. पाचवी मान्यता मिळण्याची कथा तर पतसंस्थांमधल्या कुठल्याही लेखापरीक्षकाला ओळखीची वाटेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये कामाचा ताण वाढला म्हणून दुसऱ्या एका संस्थेने या कंपनीला आपल्या वतीने सही करण्याची तात्पुरती परवानगी दिली होती. डिसेंबरमध्ये गरज संपली, पण परवानगी काढून घ्यायची राहून गेली. चोरी २३ मार्चला झाली आणि एका वापरकर्त्याला आपले पैसे काढता येईनात तेव्हा, २९ मार्चला, ती लक्षात आली. म्हणजे सहा दिवस तिजोरी रिकामी होती आणि कुणी आत डोकावलेही नव्हते.

त्याच ब्रिजमधून ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा सुमारे १ कोटी २० लाख डॉलर बाहेर गेले. या वेळचे कारण वेगळे होते: नवी आवृत्ती बसवताना एक मूल्य नीट भरले गेले नव्हते. पण व्यवहारांवर आता मर्यादा होती, गडबड तासाभराच्या आत लक्षात येऊन ब्रिज थांबवला गेला, आणि पैसे काढणारे सद्हेतूचे संशोधक असल्याने रक्कम परत आली. संशोधक सद्हेतूचे निघाले हे नशीब म्हणता येईल. मर्यादा आणि सहा दिवसांऐवजी मिनिटांत लागलेला शोध या मात्र पहिल्या चोरीनंतर केलेल्या बदलांच्या खुणा आहेत. तुमच्या प्रकल्पात असे काही दिसते का? पहिली चोरी कोडची आणि दुसरी किल्ल्यांची, म्हणजे वरवर कारणे वेगळी आहेत. तरीही मला एक शंका येते. पहिल्या चोरीनंतर त्यांनी फक्त ती एक ओळ दुरुस्त केली, की ‘आपल्याकडे आणखी कुठून पैसे जाऊ शकतात’ असा विचार केला? एका खिडकीचे गज तुटले म्हणून तेवढेच बसवून घेणारा माणूस मागचे दार उघडेच ठेवत असेल, तर दुसरी चोरी ही पहिल्याच निष्काळजीपणाचा पुढचा हप्ता असते.

इथे ऑडिटविषयी बोलायलाच हवे, कारण तुमच्या गटात ‘आमचे ऑडिट झाले आहे’ हे उत्तर वारंवार दिले जाते असे तुम्ही लिहिले आहे. माझेच पोट या कामावर चालते, तरी सांगते: ऑडिट म्हणजे एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक कोडवर, काही माणसांनी घातलेली नजर. युलर या कर्ज देणाऱ्या प्रणालीतून मार्च २०२३ मध्ये १९.७ कोटी डॉलर गेले तेव्हा तिच्या अनेक तपासण्या झालेल्या होत्या. चूक नंतर घातलेल्या एका फंक्शनमध्ये होती आणि तेही फंक्शन तपासणाऱ्यांच्या नजरेतून निसटले होते. माझ्या स्वतःच्या कामात मी २०२१ मध्ये एका लहान प्रकल्पाचा अहवाल दिला, आणि तीन आठवड्यांनी पाहिले तर ब्लॉकचेनवर चढवलेला कोड मी तपासलेला नव्हताच, त्यात दोन फंक्शन वाढवली होती. माझ्या नावाचे बोधचिन्ह मात्र संकेतस्थळावर झळकत होते. तेव्हापासून तपासलेल्या कोडची नेमकी आवृत्ती मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिते, आणि वाचकाने ती चढवलेल्या कोडशी ताडून पाहावी असे बजावते. तुम्हीही तेवढेच विचारा: कोणती आवृत्ती तपासली आणि आज चालू आहे ती तीच आहे का? त्याचे उत्तर एका ओळीत देता येते, आणि ते मिळत नसेल तर तेही उत्तरच समजा.

शिवाय किल्ल्या चोरल्या गेल्या असतील तर कोडच्या ऑडिटचा त्याच्याशी फारसा संबंधच नसतो. तिथे वेगळे प्रश्न विचारावे लागतात: किती सह्या लागतात, त्या करणारी माणसे एकाच कार्यालयातली आहेत का, आणि सही करताना पडद्यावर दिसते तेच प्रत्यक्षात सही होते का. शेवटचा प्रश्न पुस्तकी वाटेल, पण जुलै २०२४ मध्ये आपल्याकडच्या वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या मंचातून सुमारे २३ कोटी डॉलर गेले ते याच फटीतून: पडद्यावरचा तपशील आणि प्रत्यक्ष सही झालेला मजकूर वेगळे होते, असे त्या कंपनीनेच सांगितले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी मंचातून चार लाखांच्या आसपास इथर, म्हणजे तेव्हाचे जवळपास दीड अब्ज डॉलर गेले, तेव्हाही सह्या करणाऱ्यांना पडद्यावर नेहमीसारखाच व्यवहार दिसत होता.

या दोन घटनांनंतर मात्र लोकांचा अनुभव अगदी निराळा होता, आणि तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या फरकात आहे. बायबिटच्या प्रमुखांनी चोरीच्या दिवशीच थेट प्रक्षेपणातून लोकांपुढे येऊन काय गेले आणि काय उरले ते सांगितले, पैसे काढण्याची सोय चालू ठेवली, आणि तीन दिवसांत कर्जे व खरेदीतून तूट भरून काढली. वझीरएक्सने पैसे काढणे थांबवले आणि काही दिवसांतच ग्राहकांच्या मालमत्तेपैकी ५५ टक्के मोकळी ठेवून ४५ टक्के अडकवण्याच्या योजनेवर कौल मागितला. लोकांचा संताप एवढा झाला की ती योजना मागे पडली, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले, आणि मंच पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. तुलना करताना न्यायाने हेही सांगायला हवे की एकाकडे तूट भरण्याइतके बळ होते आणि दुसऱ्याचा जवळपास निम्मा साठाच गेला होता. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याला मोकळेपणा परवडतो, हे खरे आहे. पण खरी माहिती लवकर देण्यासाठी दीड अब्ज डॉलर लागत नाहीत.

मी स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगते. एका प्रकल्पात चोरी झाली आणि त्यांनी मला रात्रीच बोलावले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा दोन पानांचा अहवाल तयार होता: पैसे कसे गेले, किती गेले, काय थांबवले आणि काय अजून कळलेले नाही. तो वकिलांकडे गेला आणि तिथे नऊ दिवस पडून राहिला. चौथ्या दिवशी त्यांच्या गटातल्या एका मुलाने व्यवहार स्वतः माग काढत पाहून वहीच्या रेघी पानावर बाणांची आकृती काढली, तिचा फोटो गटात टाकला आणि खाली लिहिले, ‘हे बरोबर आहे का?’ ते जवळजवळ सगळे बरोबर होते. फक्त एका वॉलेटचा, म्हणजे क्रिप्टो खात्याचा, पत्ता त्याने दोनदा मोजला होता. दहा मिनिटांत त्याचा संदेश पुसला गेला आणि त्याला गटातून काढण्यात आले. नवव्या दिवशी माझा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा लोकांनी तो त्या वहीच्या पानाशी ताडून पाहिला, आणि तो जुळतो हे कळल्यावर त्यांचा राग चोराकडून प्रकल्पाकडे वळला. चोरीमुळे गेलेली माणसे थोडी होती. त्या मुलाला काढल्यामुळे गेलेली अधिक. तुम्हाला आलेला ‘सकारात्मक ठेवा’ हा निरोप वाचताना मला ते पान आठवले.

आता भरपाईच्या टोकनकडे. ही युक्ती नवी नाही आणि नेहमीच फसवीही नसते. ऑगस्ट २०१६ मध्ये बिटफिनेक्स या अशाच एका मंचातून १,१९,७५६ बिटकॉइन गेले, तेव्हा कंपनीने प्रत्येक ग्राहकाच्या खात्यातून, मग त्याचे पैसे गेलेले असोत वा नसोत, सुमारे ३६ टक्के कापले आणि तेवढ्या डॉलरचे टोकन दिले. लोक चिडले, टोकनचा भाव कोसळला, पण एप्रिल २०१७ पर्यंत कंपनीने ते सारे टोकन पूर्ण किमतीला परत घेतले किंवा भागभांडवलात बदलून दिले. तिथे टोकनच्या मागे एक चालता धंदा होता आणि एका टोकनला एक डॉलर असे स्पष्ट देणे होते. तुमच्या प्रस्तावातल्या टोकनच्या मागे नेमके काय आहे? ठरलेली रक्कम, ठरलेली मुदत आणि ठरलेला उत्पन्नाचा हिस्सा लिहिलेला असेल, तर ती हुंडी आहे, कच्ची असेल पण हुंडी आहे. तसे काही नसेल आणि त्याची किंमत बाजार ठरवेल एवढेच म्हटले असेल, तर तुमच्या सहाशे माणसांची भरपाई पुढे येणाऱ्या खरेदीदारांच्या खिशातून व्हायची आहे.

नुकसान कुणी सोसावे, हा प्रश्नही त्या मतदानात दडलेला आहे. आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद ठेवत असत. २००५ च्या पुरात ज्या पेवांत पाणी शिरले त्यांतली हळद गेली, उंचावरची वाचली. ते क्रूर होते, पण कुणाचे काय गेले हे निर्विवाद होते. क्रिप्टोमध्ये पुष्कळदा सगळ्यांचा माल एकाच पेवात असतो आणि वरच्या चिठ्ठ्या तेवढ्या वेगळ्या असतात, हे पूर आल्यावरच कळते. म्हणून साठ्याचा पुरावा मागताना देण्यांचा पुरावाही मागा. आमच्या वॉलेटमध्ये इतके आहे, असे दाखवणे म्हणजे सराफाने कपाट उघडून सोने दाखवणे. त्या सोन्यावर कितीजणांचा हक्क आहे ही वही त्याने दाखवली नाही, तर त्या दर्शनाला अर्थ नाही.

आणि मतदान म्हणजे लोकमत असे समजू नका. बहुतेक ठिकाणी एका माणसाला एक मत नसते, एका टोकनला एक मत असते. प्रस्तावाच्या बाजूने पडलेल्या मतांपैकी पहिल्या दहा वॉलेटांची मते किती, हे ब्लॉकचेनवर कुणालाही पाहता येते. ते पाहून आकडा गटात मांडा. इथरियमवर जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या सामायिक गुंतवणूक निधीतून ३६ लाख इथर गेले, तेव्हा जुलैमध्ये साखळीच (ब्लॉकचेनच) बदलून पैसे परत फिरवावेत असे ठरले. अनेकांना ते योग्य वाटले. ज्यांना वाटले नाही ते जुन्या साखळीवर राहिले आणि तिचे इथरियम क्लासिक झाले. त्या वादात कुणाचे बरोबर होते यावर आजही मतभेद आहेत, पण दोन्ही बाजूंना आपले म्हणणे उघड मांडता आले आणि न पटणाऱ्याला दुसरा रस्ता राहिला. तुमच्याकडे प्रस्ताव नापसंत असलेल्याला कोणता रस्ता आहे, हे विचारायला हरकत नसावी.

इथवरचे थोडक्यात असे: दोन्ही चोऱ्यांमागची सवय एकच आहे का ते पाहा, तपासलेला आणि चालू कोड ताडून पाहा, सह्यांची व्यवस्था बदलली का ते विचारा, टोकनच्या मागचे देणे वाचा आणि मते कुणाची आहेत ते मोजा. यांतले एकही काम करायला प्रोग्रामर असावे लागत नाही.

तुमच्या गटापुरते जे आजच करण्यासारखे आहे ते मात्र याहून तातडीचे आहे. चोरीची बातमी पसरली की दोन-तीन दिवसांत ‘परतावा मिळवण्यासाठी इथे वॉलेट जोडा’ अशा लिंक फिरू लागतात, आणि मी पाहिलेल्या काही प्रकरणांत साध्या माणसांचे मूळ चोरीपेक्षा या लिंकमध्ये अधिक गेले. तासगावकडच्या एका द्राक्षबागायतदाराने अशाच एका अर्जात सीड फ्रेजचे, म्हणजे वॉलेट उघडणारे गुप्त, बारा शब्द भरले होते. चोरीत त्याचे थोडेच अडकले होते, उरलेले त्या अर्जाने नेले. म्हणून गटात सगळ्यांत वर हे लिहा की बारा किंवा चोवीस शब्द कुणीही मागत नाही, प्रकल्पही नाही आणि मीही नाही. जुन्या कॉन्ट्रॅक्टला दिलेल्या खर्चाच्या परवानग्या, म्हणजे आपल्या वॉलेटमधून पैसे काढण्याची मुभा, प्रत्येकाने रद्द कराव्यात असे सांगा. रोनिनच्या त्या विसरलेल्या परवानगीसारख्याच या असतात. ज्यांचे पैसे गेले त्यांनी व्यवहार क्रमांक, तारखा आणि पडद्याची छायाचित्रे जपून ठेवावीत आणि १९३० या क्रमांकावर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे परत मिळतीलच असे नाही, पण पुढे कुठे दावा करायची वेळ आली तर नोंद लागते. ‘इतके आगाऊ द्या, आम्ही तुमचे क्रिप्टो सोडवून आणतो’ म्हणणाऱ्यांना गटात थारा देऊ नका. काढून टाकायचेच असेल तर त्यांना काढा.

राहिला तुमचा स्वतःचा शब्द. मी तुमच्या जागी असते तर प्रकल्पाची बाजू मांडणे आज थांबवले असते आणि गटात चार परिच्छेदांचे एक निवेदन दिले असते: मला काय माहीत आहे, काय माहीत नाही, मी कोणते प्रश्न कोणत्या तारखेला विचारले आहेत, आणि माझे स्वतःचे किती टोकन यात आहेत. शेवटचा परिच्छेद टाळू नका. तुमच्या बाजूला काय जोखीम आहे हे कळल्यावरच लोक तुमचे आधीचे तीन परिच्छेद नीट वाचतील. उत्तर आले की जसे आले तसे टाका, आले नाही तर दर आठवड्याला ‘उत्तर नाही’ एवढेच लिहा. तुम्हाला त्यासाठी मुख्य गटातून काढले गेले, तर तेही तारखेसह लिहून ठेवा.

आणि गटाच्या वर्णनात तुमची जी रेफरल लिंक अजून आहे, ती निवेदन टाकण्याच्या आधी काढा.